बिल्ल्याची सुलट बाजू

गल्लीत सगळे त्यांना बिल्लेकाका म्हणत. समोर म्हणत तेव्हा आदरानं आणि पाठीमागे म्हणत तेव्हा हसून, पण म्हणत एवढं खरं. उभी हयात त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानात शिरायचं, तराजूशेजारची लोखंडी वजनं एकेक करून उचलायची आणि उलटी करायची, हे त्यांचं काम. वजनाच्या बुडाशी शिशाचा एक ठिपका असतो आणि त्या शिशावर खात्याचा छाप. छाप असला तर वजन खरं, नसला तर दुकानदाराची धडगत नाही. वजन वरून कितीही चकचकीत असो, काका वर बघतच नसत. त्यामुळे झालं काय, की कुठलीही वस्तू हातात आली की आधी पालथी करायची ही खोड त्यांच्या बोटांत मुरली. बशी आली, पालथी. पुस्तक आलं, पालथं. एकदा शेजारणीनं कौतुकानं आपलं तान्हं बाळ हातात दिलं, तर काकांनी त्यालाही अलगद पालथं केलं, आणि शेजारीण 'अहो, अहो' करत धावली.

ही खोड त्यांना छंदात मात्र फार कामी आली. छंद होता पलटणींचे बिल्ले जमवण्याचा. त्यातही सगळ्या पलटणींचे नव्हेत. मोठ्या नामांकित पलटणींचे बिल्ले कुणीही सोम्यागोम्या जमवतो, असं ते नाक मुरडून म्हणत. त्यांना हवे असत ते बेटांवरचे. साहेबाचं राज्य समुद्रभर पसरलं होतं तेव्हा त्यानं लहानसहान बेटांवरही पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या. मासे धरणारे, होड्यांना डांबर फासणारे, झाडावर चढणारे गडी गोळा करायचे, त्यांना खाकी चढवायची, टोपीवर पितळी बिल्ला लावायचा आणि बंदराच्या धक्क्यावर पहाऱ्याला उभं करायचं. काही पलटणी लढाईला गेल्या. काहींनी समुद्राकडे बघत बसण्यापलीकडे काही केलं नाही. साहेब गेला तशा बहुतेक मोडल्या आणि मागे उरले ते बिल्ले. कुणाच्या बिल्ल्यावर कासव, कुणाच्या माड, कुणाच्या दोन शिडांचं जहाज, कुणाच्या उडता मासा. बेटांची खरी नावं काकांना तोंडपाठ होती, पण बोलताना ते म्हणायचे कासववाले, माडवाले, जहाजवाले. ऐकणाऱ्याला वाटावं, वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडंच आहेत. आणि गंमत म्हणजे एवढ्या बेटांची खबर ठेवणाऱ्या या माणसानं स्वतः समुद्र पाहिला होता तो एकदाच, तोही ओहोटीचा.

बिल्ल्याचं तोंड खोटं बोलेल, पाठ बोलणार नाही, हा काकांचा सिद्धांत. अस्सल बिल्ला पत्र्यावर ठोकून काढलेला असतो, त्यामुळे पुढच्या चित्राची खोलगट छाया पाठीवर उमटते. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ रवाळ असते, भाजलेल्या पावासारखी. टोपीचा बिल्ला असेल तर पाठीला दोन कड्या हव्यात, नाहीतर टोपीत खोचायची पट्टी हवी. हे सगळं ते एका नजरेत टिपत. "पलटण ओळखायची ती पलटूनच," ही त्यांची कोटी बिल्लेवाल्यांच्या मंडळात सगळ्यांना पाठ झाली होती, तरी ते ती दर वेळी नव्यानं करत आणि स्वतःच आधी हसत.

काकू शिवणकाम करत. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन, आतल्या छोट्या खोलीत काकांचे बिल्ले. काकूंच्या जगात दोनच दिशा होत्या, उलट आणि सुलट. "आतली शिवण मलाही बघता येते," त्या गिऱ्हाइकांना म्हणत, "पण शिवायचं उलट बाजूनं आणि घालायचं सुलट बाजूनं. माणसं सुलट बाजू बघतात." झिजलेली कॉलर उसवून, उलटवून, तिची कोरी बाजू वर आणून शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जुना शर्ट त्यांच्याकडून परत आला की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हायची.

आता मुळाशी जायला हवं, कारण या गोष्टीत जे काही अडलंय ते तिथेच अडलंय.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. जुन्या बाजारात पथारी पसरून बसणारा एक म्हातारा काकूंकडे आपला कोट घेऊन आला. कॉलर पार विरलेली. काकूंनी ती उलटवून अशी शिवून दिली की म्हातारा आरशापुढून हलेना. म्हणाला, "पोरी, माझ्या पथारीवरचं तुला आवडेल ते उचल." दुसऱ्या दिवशी काकू गेल्या. पथारीवर कुलपं होती, चमचे होते, एक बरी कात्री होती. शिवणाऱ्या बाईनं कात्री उचलायला हवी होती. पण त्यांनी उचलली एक छोटीशी पितळी वस्तू. वर काहीतरी चित्र होतं आणि भोवती दोराची किनार. नवऱ्याला बिल्ल्यांचं वेड आहे हे त्यांना माहीत होतं. नव्या नवरीनं घरी येईस्तोवर ती वस्तू मुठीत इतकी घट्ट धरली होती, की तळव्यावर तिची खूण उमटली.

संध्याकाळी त्यांनी ती काकांच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

काकांनी ती पालथी केली. कड्या नाहीत. पट्टी नाही. सपाट पाठ आणि तिच्यावर एक पिन.

"हा बिल्ला नव्हे," काका म्हणाले, आणि किडुकमिडुकाच्या डब्यात, जुनी बटणं आणि बकलं असत त्यात, ती टाकून दिली.

रागानं नाही म्हणाले. तुच्छतेनंही नाही. दुकानदाराला 'छाप नाही' म्हणत त्याच आवाजात म्हणाले, आणि हातातल्या जहाजवाल्यांकडे वळले. काकू म्हणाल्या, "बरं." या 'बरं'मध्ये बायका काय काय घडी घालून ठेवतात ते नवऱ्यांना कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. काकांना तर ते कळायला काही वर्षं लागली.

त्या दिवसानंतर काकू आतल्या खोलीत गेल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, काही नाही. संसार छान चालला होता. संध्याकाळी काकूंचे डोळे शिणले की काका त्यांना सुया ओवून द्यायचे. काकांना खोकला झाला की काकू मशीन थांबवून काढा उकळायच्या. लेक झाली, मोठी झाली, आपल्या घरी गेली. पण आतल्या खोलीचा उंबरठा काकूंनी ओलांडला नाही. चहा झाला की दाराबाहेरच्या स्टुलावर कप ठेवायचा, चमचा कपावर वाजवायचा आणि मशीनकडे परतायचं. काका दार उघडीपर्यंत मशीन सुरू झालेलं असे.

भांडण असतं तर मिटलं तरी असतं. याला मिटवायचं कुठून? काकांनी आपल्या परीनं खटपट केली. "अगं, आत ये ना, मासेवाले आलेत, बघ तरी." काकू मशीनवरून मान वर करून हसायच्या, "तुमचं तुम्ही बघा. मला काय कळतंय त्यातलं!" त्या हसण्यात कडवटपणा असता तरी चाललं असतं. ते अगदी साधं, प्रेमाचं हसणं असायचं, आणि काकांच्या काळजात नेमकं तेच रुतायचं. एकदा त्यांनी निळ्या मखमलीचा तुकडा मागितला, तर काकूंनी गिऱ्हाइकाच्या कापडातला उरलेला मोठा तुकडा काढून दिला. कशाला हवा हे विचारलं नाही.

त्या मखमलीवर काकांनी आपला समुद्र मांडला. काचेचं झाकण असलेली मोठी लाकडी चौकट, आत निळी मखमल, आणि नकाशात जिथे जे बेट तिथे त्या बेटाच्या पलटणीचा बिल्ला. सगळी बेटं भरली होती. एक सोडून. खाली डाव्या कोपऱ्यात एक जागा कधीपासून मोकळी होती. ते दिवावाल्यांचं बेट. टीचभर बेट, त्यावर एक दीपगृह. एका लढाईपुरती त्यांची पलटण उभी राहिली आणि लढाई संपताच मोडली. बिल्ल्यावर दीपगृह होतं म्हणे. पण तो बिल्ला कुणी पाहिला नव्हता, ना मंडळातल्या कुणी, ना दूरदूरच्या जमवणाऱ्यांपैकी कुणी.

"काय काका, बेट वर आलं की अजून बुडालेलंच?" असं दर भेटीत विचारून औषधवाला त्यांना डिवचायचा. हा गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान चालवायचा आणि स्वतः घोडदळाचे बिल्ले जमवायचा. काकांचा जिवलग आणि तेवढाच वैरी. दिवावाल्यांवरून तो चिडवायचा खरा, पण कुठे जुनं काही विकायला निघालं की पहिली नजर त्याच बिल्ल्यासाठी फिरवायचा.

यंदा मंडळाची बैठक काकांच्या घरी ठरली होती. वर्षातून एकदा सगळे एकाच्या घरी जमत आणि त्याचा संग्रह बघत. बैठक तोंडावर आली असताना एका दुपारी औषधवाला दुकान तसंच टाकून धापा टाकत आला. हातात पाकीट.

"काका, बसा आधी. बसलात? आता बघा."

जुन्या छायाचित्रांच्या एका गठ्ठ्यात त्याला एक छायाचित्र सापडलं होतं. काकांनी ते घेतलं आणि, सांगायला नकोच, पालथं केलं. पाठीवर फिकट शाईत बेटाचं नाव होतं. दिवावाल्यांचंच. काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

"अहो, आता तरी पुढून बघा!" औषधवाला ओरडला.

पुढे एक धक्का, त्यावर दोन ओळींत उभे जवान. वारा असणार, कारण सगळ्यांनी माना हलवल्या होत्या आणि टोप्यांवर नुसते पांढरे डाग उमटले होते. एकाही टोपीवरचा बिल्ला दिसेना. पण पुढच्या ओळीत खुर्चीवर एक बाई बसली होती, कुणा हवालदाराची बायको असावी. ती मात्र दगडासारखी स्थिर बसली होती. तिच्या गळ्याशी काहीतरी होतं. काकांनी भिंग धरलं. दीपगृह. दोन्ही बाजूंना एकेक पक्षी. भोवती दोराची किनार.

"चित्र तेच असणार!" औषधवाला म्हणाला. "फक्त हा बिल्ला नव्हे. पिन आहे ही, बायकांची. जवान लोक आपल्या पलटणीच्या बिल्ल्याची छोटी प्रत करून घ्यायचे ना, घरच्या बाईला द्यायला? तीच. लढाईवर जाताना तिच्या गळ्याशी लावून जायचे."

हे काकांना माहीत नव्हतं थोडंच? मंडळातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण अशा पिनांना ते दागिन्यांत काढत आणि बघतही नसत. आता मात्र काकांना पुढचं काही ऐकूच येईना. 'हा बिल्ला नव्हे.' हे शब्द त्यांनी ऐकले होते. स्वतःच्याच तोंडून. आणि ती दोराची किनार. ती त्यांनी कुठेतरी पाहिली होती. डब्यात नव्हे, त्यानंतरही. कालसुद्धा. सकाळीसुद्धा.

ते उठले आणि पुढच्या खोलीत आले. काकू मशीनवर होत्या. मशीनचं कापडी आच्छादन घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं. रोज सकाळी काकू ते काढायच्या, रोज संध्याकाळी मशीनवर घालून दोन टोकं एका पितळी पिनेनं अडकवायच्या. बटणांचा तो डबा कधीतरी पुढे मशीनशेजारी आला होता; त्यातून ती वस्तू काकूंनी कधी उचलली, काकांना पत्ता नव्हता. इतकी वर्षं ते त्या पिनेच्या शेजारून चहाचा रिकामा कप घेऊन जात होते, आणि एकदाही त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. कशाला बघतील? तिची पाठ त्यांनी आधीच पाहिली होती.

त्यांनी आच्छादन उचललं. आज पहिल्यांदा ते पिन पुढून नीट पाहत होते. दीपगृह. एकेक पक्षी. दोराची किनार.

"अगं!" काकांचा आवाज चिरकला. "अगं, हे दिवावाल्यांचं आहे! हा, हा बिल्ला आहे!"

मशीन थांबलं. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बिल्ला नव्हता ना तो?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. काका ओशाळले, पण आनंद एवढा उसळत होता की ओशाळणं त्याखाली बुडून गेलं. शहाण्या माणसानं तिथे जीभ चावली असती. काका म्हणाले, "रविवारी मंडळ येतंय गं. तेवढी एकच जागा मोकळी आहे चौकटीत. हा तिथे बसला की झालं सगळं पुरं. देशील?"

"घ्या की. तुमच्यासाठीच तर आणला होता."

काकूंनी पिन काढून त्यांच्या हातावर ठेवली. मग आपल्या डबीतून एक साधी सेफ्टी पिन काढली, ती आच्छादनाला टोचून ठेवली आणि पुन्हा मशीन सुरू केलं. आतून औषधवाला टाळ्या पिटत होता.

तो गेल्यावर काकांनी बिल्ला चौकटीत बसवला. कोपरा भरला. समुद्रात आता एकही बेट बुडालेलं उरलं नाही. या क्षणाची त्यांनी किती वाट पाहिली होती! खुर्ची ओढून ते समोर बसले आणि आनंद व्हायची वाट बघू लागले.

आनंद काही येईना.

बिल्ला झिजलेला होता. काकांनी भिंग लावलं. झिजलेल्या बिल्ल्यांना मंडळात कुणी फार मानत नसे, पण काका मानत. "झिजलेला बिल्ला म्हणजे घातलेला बिल्ला," असं ते म्हणायचे. जवान रोज घासून पुसून लावायचे त्या बिल्ल्यांची झीज सगळीकडे सारखी असते. ही तशी नव्हती. दोन्ही पक्षी नीट होते, दोर नीट होता. झिजलं होतं फक्त दीपगृहाचं टोक, जिथे दिवा असतो ते. तिथलं पितळ गुळगुळीत होऊन सोन्यासारखं चमकत होतं. तिथेच का, हे काकांना आधी उमजेना. मग त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवला. पिन लावताना आणि काढताना अंगठा नेमका तिथेच येतो. त्यांनी टाकून दिलेल्या वस्तूवर काकूंचा अंगठा रोज पडत होता, सकाळी आणि संध्याकाळी.

काकांनी छायाचित्र पुन्हा हातात घेतलं. खुर्चीवरची ती बाई. तिच्या मागे उभा असलेला जवान. चेहरा हललेला, पण हात स्पष्ट. तो हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता. ही वस्तू कुणी कुणाला द्यायची असते ते त्या हाताकडे बघून आंधळ्यालाही कळलं असतं.

बाहेर चमचा कपावर वाजला. काका दाराशी गेले. स्टुलावर चहा होता. पलीकडे मशीनच्या आच्छादनावर सेफ्टी पिन लुकलुकत होती. त्यांना एकदम रडू आलं. वयस्कर माणसाला येतं तसं, आवाज न करता, नाकातून. आपल्या हातात आलेलं सगळ्यात मोलाचं देणं आपण पालथं करून डब्यात टाकलं, आणि आज पुन्हा मागून घेतलं तेही चौकटीसाठी! चहाचा कप हातात घेऊन ते तसेच उभे राहिले, चहा पार निवेपर्यंत.

रविवारी सकाळी काका आवरून पुढच्या खोलीत आले. मूठ मिटलेली. काकू पाहुण्यांसाठी कप पुसत होत्या. अंगात राखाडी स्वेटर, कोपराशी नीट रफू केलेला.

"अगं, जरा इकडे बघ."

"काय हो? साखर संपली नाहीये, कालच आणलीय."

"साखरेचं नाही." आयुष्यभर दुकानदारांना जरबेनं बोललेला माणूस, पण आता शब्द जुळेनात. "तू मला हा आणून दिलास. तेव्हा मी म्हणालो, हा बिल्ला नव्हे."

काकूंचा हात कपावरच थांबला.

"चुकलो मी," काका म्हणाले. "तेव्हाही चुकलो आणि परवा मागितला तेव्हाही चुकलो. तू किती हौसेनं आणला होतास आणि मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. फार वाईट वागलो. ते मनातून जात नाही गं."

"इतक्या वर्षांचं काय घेऊन बसलात," काकू हळूच म्हणाल्या. पण कप खाली ठेवला. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "लागलं होतं मला. खूप लागलं होतं. कात्री सोडून तो उचलला होता मी."

"कात्री?"

"होती तिथे एक. चांगली होती."

काकांना ही कात्री आजच कळत होती. त्यांनी मूठ उघडली.

"हा बायकोनं नवऱ्याला द्यायचा नसतो. जवान आपल्या बायकोला देतो, गळ्याशी लावायला. तू उलटं केलंस."

"मी उलटं केलं?" काकूंनी भुवया वर केल्या. "मी? उलटं?"

"हो. आता सुलट करतो. थांब जरा, हलू नकोस."

काका पुढे झाले आणि स्वेटरच्या गळ्याशी पिन टोचू लागले. चिमट्यानं बारीकशी कडी सहज पकडणारी त्यांची बोटं, आज लोकरीत अडकत होती.

"अहो, असं नाही. लोकर उसवेल. दोन टाक्यांच्या मधून घाला. खालून वर. हं. आता पिन आकड्यात बसवा. बसली?"

"बसली."

"तिरका आहे का?"

काका एक पाऊल मागे सरले आणि बघत राहिले. बिल्ल्याकडे, आणि मग बिल्ल्याच्या वर. काकूंच्या तोंडाकडे बघायला त्यांना आज घाई नव्हती.

"माझी पाठ बघून घेतली होतीत ना लग्नाच्या आधी?" काकू म्हणाल्या. "छाप होता का?" आणि दोघंही असे हसले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून बघितलं.

दुपारी मंडळ आलं. चपला, छत्र्या, भिंगं, सगळा लवाजमा. आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. औषधवाल्यानं वाटेतच सगळ्यांना बातमी दिली होती, त्यामुळे जो तो आधी खालच्या डाव्या कोपऱ्याकडे धावला.

"काका!" औषधवाला किंचाळला. "बिल्ला कुठाय? परवाच बसवणार होतात ना?"

जागा मोकळी होती. निळ्या मखमलीवर नुसती एक पांढरी चिठ्ठी, काकांच्या ठसठशीत सरकारी अक्षरात. औषधवाल्यानं चष्मा सरसावून ती मोठ्यानं वाचली.

"'वापरात आहे.'"

तेवढ्यात दाराबाहेर चमचा कपावर वाजला. काका उठले नाहीत. फक्त म्हणाले, "ये गं आत."

क्षणभर काहीच झालं नाही. मग उंबरठ्यावर एक पाऊल पडलं, मागून दुसरं, आणि काकू चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. गळ्याशी दीपगृह, आणि त्याच्या टोकाशी झिजून चमकणारा दिवा. सगळ्यांच्या माना चौकटीवरून दाराकडे वळल्या. मग औषधवाला भिंग घेऊन वाकला, आणि सवयीनं त्याचा हात बिल्ला उलटवायला पुढे गेला.

"पाठ बघायची नाही," काका म्हणाले.

"पण खात्री कशी पटायची हो?"

"मला पटलीय."

संध्याकाळी सगळे पांगले. काका बाहेरचं स्टूल उचलून आत घेऊन आले आणि चौकटीसमोर ठेवलं. काकू त्यावर बसल्या. त्यांनी हा समुद्र आज पहिल्यांदा बघितला. बराच वेळ बघितला. काका शेजारी उभे, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"ही मखमल मी दिलेलीच की," काकू म्हणाल्या.

"तूच दिलेली."

काकूंनी काचेचं झाकण उघडलं आणि दोन बिल्ल्यांच्या मधल्या मखमलीवरून वरून खाली बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"अहो, लव उलटी लावलीय तुम्ही. मखमलीची लव वरून खाली हवी, हात फिरला की मऊ लागते. ही खालून वर लागलीय, म्हणून तर तुमचा समुद्र असा काळवंडलेला दिसतोय."

काका थक्क झाले. मंडळातल्या एवढ्या भिंगवाल्यांनी एवढ्या वर्षांत हे कधी पाहिलं नव्हतं.

"मग आधी नाही का सांगायचंस?"

"आत आल्याशिवाय कसं दिसणार?" काकू म्हणाल्या, आणि स्वेटरच्या बाह्या सारल्या. "काढा सगळे. मी सुलट लावून देते. आणि काढताना सांगत चला, कोण कोण आहेत ते."

"सगळे? रात्र होईल गं."

"होऊ दे."

काकूंनी मांडीवर स्वच्छ फडकं पसरलं आणि हात पुढे केला. काकांनी पहिला बिल्ला सोडवला. बोटं सवयीनं वळली, अर्ध्यावर थांबली.

"हे कासववाले," ते म्हणाले, आणि कासव काकूंच्या तळहातावर ठेवलं, तोंड वर करून.